पटावरची पाळी



वसंत व्याख्यानमालेत बोलायला उभे राहणाऱ्याने राष्ट्र, धर्म, वाङ्मय, निदानपक्षी अर्थकारण अशा एखाद्या भारदस्त विषयाला हात घालावा, अशी आपणा सर्वांची रास्त अपेक्षा असते. आमचा विषय मात्र पडवीतला आहे. जाजमावर पट अंथरून घरातली चार माणसे सोंगट्या खेळायला बसली, म्हणजे कोणी केव्हा खेळावे, किती वेळ घ्यावा आणि दुसऱ्याची पाळी चालू असताना आपण कसे बसावे, याचा एक अलिखित कायदा असतो. त्या कायद्याचा थोडा इतिहास आम्ही सांगणार आहोत.

आम्ही पंडित नव्हे. शाळा सातवीला सुटली. पुढचे शिक्षण गावच्या ग्रंथालयात आणि कामगारांच्या सभांतून झाले. तेव्हा कुणी विचारील की, संघटनेचे काम करणाऱ्या माणसाने भाकरीचा प्रश्न बाजूला ठेवून सोंगट्या कशाला काढाव्यात? त्याला आमचे उत्तर असे की, माणसाला भाकरीच्या खालोखाल वेळ लागतो, आणि वेळ कुणाच्या मालकीचा हा प्रश्न जितका गिरणीत आहे तितकाच पटावरही आहे. हे आम्हांला फार उशिरा आणि एक मोठी चूक केल्यावर उमगले. ती चूक शेवटी सांगू.

आधी शब्दच पाहा. मराठीत खेळातल्या आळीपाळीला आपण 'पाळी' म्हणतो. विहिरीवर पाणी शेंदायचे तर पाळी. भाऊबंदांच्या एकत्र घरात गणपती कुणाकडे बसायचा तर पाळी. देवळातल्या पूजेची पाळी. आणि गिरणीतले कामाचे तास वाटून घेतले तर तीही पहिली पाळी, दुसरी पाळी, रातपाळी. एकच शब्द, पण त्यात दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. विहिरीवरच्या पाळीत 'आता तुझा हक्क' असा भाव आहे. गिरणीतल्या पाळीत 'आता तुझी हजेरी' असा हुकूम आहे. हक्काची पाळी हुकमाची कशी झाली, हा आमच्या मते गेल्या दीडशे वर्षांच्या इतिहासातला एक मोठा धडा आहे, आणि तो घरातल्या पटावरही वाचता येतो.

खेळ तर फार जुना. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात एका जुगाऱ्याचे आक्रंदन आहे. त्या काळी फाशांच्या जागी बेहड्याची फळे वापरीत. वेरूळच्या लेण्यांत शिवपार्वती सारीपाट खेळताना कोरलेली आहेत. म्हणजे आपल्या शिल्पकारांना कैलासावरचा संसार दाखवायचा झाला, तेव्हा त्यांनी नवराबायकोच्या मध्ये पट मांडला. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराने 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला, त्यात फाशांच्या आणि कवड्यांच्या खेळांना राजाच्या करमणुकीत जागा दिली आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांसारख्या ठिकाणी दगडी फरशीवर कोरलेले पटही आढळतात. तिथे बसून कोण खेळले ते दगड सांगत नाही. पण त्यांच्यापाशी थांबण्याइतका वेळ होता, एवढे नक्की.

पाळीच्या शिष्टाचाराचा मात्र आपल्याकडचा पहिला मोठा दाखला महाभारतातल्या सभापर्वात आहे. द्यूत ठरले युधिष्ठिर आणि दुर्योधन यांच्यात. पट मांडल्यावर दुर्योधन म्हणाला, पणाचे धन माझे, पण फासे टाकील शकुनी. तेव्हा एकाच्या वतीने दुसऱ्याने खेळावे हे विषम आहे, असा आक्षेप युधिष्ठिराने घेतला होता. आक्षेप घेतला आणि तरीही तो खेळला. ज्याची पाळी त्याचाच हात, हा खेळाचा पहिला नियम तिथे मोडला, आणि पुढचा सगळा अनर्थ त्या मोडलेल्या नियमातून आत शिरला. त्याच सभेत द्रौपदीने एक प्रश्न विचारला. आधी स्वतःला हरलेल्या माणसाला मला पणाला लावण्याचा अधिकार उरतो काय, असा तो प्रश्न. सभेत भीष्म होते, द्रोण होते. प्रश्नाचे सरळ उत्तर कुणी दिले नाही. धाकटा विकर्ण तिच्या बाजूने बोलला. तिची बोलण्याची पाळी आली होती. पण सभेला ती मानायची नव्हती. ही गोष्ट लक्षात ठेवा. तिच्याकडे आम्ही पुन्हा येणार आहोत.

आता खेळाची गती पाहू. अकबराच्या दरबारी चौपड मोठ्या प्रमाणावर चाले. 'आईन-ई-अकबरी'त अबुल फजलाने नोंदवले आहे की, कधी कधी हा खेळ तीन तीन महिने चालू राही, ठरलेले डाव पुरे झाल्यावाचून कुणाला घरी जाता येत नसे, आणि एखादा खेळाडू अधीर होऊन चुळबुळ करू लागला तर त्याला मद्याचा एक पेला प्यावा लागे. अधीरपणा हा दंडास पात्र असा अपराध होता! माणसाचा स्वभाव पटावर उघडा पडतो, हे बादशहा ओळखून होता. आपल्या भाषेनेही ते ओळखले आहे. तीन फाशांच्या खेळातल्या 'पौबारा' या दानावरून आपण पळून जाण्याला 'पोबारा करणे' म्हणतो. 'डाव साधणे', 'डाव उधळणे', 'रडीचा डाव खडी' हे सगळे संसारात आले ते खेळातून.

सारीपाटाचे, म्हणजे कवड्यांनी खेळायच्या पचिशीचे नियम नीट पाहिले, तर त्यांत एक शहाणपण दिसते. कापडी पटाला चार पाख्या. प्रत्येक पाखीत 8 घरांच्या 3 ओळी, म्हणजे 24 घरे. चार पाख्या मिळून 96. खेळाडू चार, सोंगट्या सोळा, आणि समोरासमोरचे दोघे एकमेकांचे जोडीदार. सहा कवड्या टाकायच्या. दोन ते सहा उताण्या पडल्या तर तितकी घरे. एकच उताणी पडली तर 10, आणि सगळ्या पालथ्या पडल्या तर 25. 6, 10 किंवा 25 पडले की पुन्हा एकदा टाकायला मिळते.

इथवर सर्वांना ठाऊक आहे. यापुढचे दोन नियम आजकाल विसरले गेले आहेत, आणि आमच्या दृष्टीने खरा अर्थ त्यांतच आहे. पहिला नियम असा की, पाळी आली तरी खेळलेच पाहिजे अशी सक्ती नाही. सोंगटी फुलीच्या घरात सुरक्षित बसली असेल आणि पुढे धोका असेल, तर खेळाडूने दान टाकू नये, किंवा टाकलेले दान चालू नये. पाळी पुढे जाऊ द्यावी. पाळी त्याची आहे, तेव्हा ती न वापरण्याचा अधिकारही त्याचाच. दुसरा नियम जोडीदाराचा. माझ्या चारही सोंगट्या घरी पोचल्या, पण जोडीदाराच्या अजून वाटेवर असल्या, तर डाव जिंकला असे होत नाही. उलट माझी पाळी संपते, आणि प्रतिपक्षाच्या दोन पाळ्यांपुढे माझ्या जोडीदाराची एकच पाळी उरते. म्हणून जाणता खेळाडू घराच्या उंबऱ्याशी आलेली सोंगटी मुद्दाम आत नेत नाही. तिला पुन्हा सगळ्या पटाचा वळसा घ्यायला लावतो, वाटेत मार खाण्याचा धोका पत्करतो आणि मागे राहिलेल्याची सोबत करतो. संघटना म्हणजे काय हे आम्ही पुष्कळ पुस्तकांतून वाचले. इतक्या थोडक्यात कुठे सापडले नाही.

आपल्या जिल्ह्याला या इतिहासात मानाचे पान आहे, ते सावंतवाडीच्या गंजिफामुळे. गंजिफाचा खेळ हिंदुस्थानात आला तो मोगलांच्या आगेमागे. 1527 साली बाबराने सिंधकडे गंजिफाचा जोड पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मवृत्तात आहे. पण आपल्या लोकांनी त्याला दशावतार चढवले. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पाने. एकूण 120 गोल पाने. कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे, वर खडूचा हात द्यायचा, मग रंग आणि लाख. सावंतवाडीच्या चिताऱ्यांची ही विद्या विसाव्या शतकाच्या मध्यास जवळजवळ बुडाली होती. 1971 साली शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच कारखाना घालून ती तगवली.

गंजिफा हा पानांचा खेळ, पटाचा नव्हे. पण पाळीच्या विषयात त्याला वगळता येत नाही. पहिली उतारी कुणी करायची, हा कुठल्याही खेळातला पहिला तंटा. आम्ही मोठा, मी पाहुणा, मी गेल्या डावात जिंकलो, असे दावे तिथे सुरू होतात. दशावतारी गंजिफाने हा तंटाच मिटवून टाकला. दिवसा खेळत असाल तर ज्याच्या हाती रामाचा राजा आला त्याने आरंभ करावा. रात्र असेल तर कृष्णाचा राजा ज्याच्या हाती त्याने. राम सूर्यवंशी, कृष्णाचा जन्म मध्यरात्रीचा. घरचा कर्ता असो की धाकटी सून, आरंभ कुणी करायचा ते आकाश सांगणार! शिवाय निम्म्या रंगांत दहा हे पान मोठे आणि उरलेल्या निम्म्यांत एक्का मोठा. लहान तो सदा लहानच नसतो, हेही त्या 120 पानांत लिहून ठेवलेले आहे.

राजवाड्यातून आता आपण किनाऱ्यावर उतरू. मालवणाच्या बाजूला पावसाळ्याचे चार महिने होड्या वर ओढलेल्या. शेतीची लावणी उरकली की दुपार लांबते. त्या दुपारी पडवीत पट मांडला जाई; कापडाचा नसेल तर शेणाने सारवलेल्या जमिनीवर खडूने पाच पाच घरांचा चौकोन आखून चल्लस-आठ मांडायचे. कवड्या नसल्या तर चिंचोके मधोमध फोडून चार फाका घ्यायच्या. कवडी ही मूळची मालदीव बेटांकडची, गलबतांनी आपल्या किनाऱ्याला आलेली, चिंचोका परसातला. खेळाला दोन्ही सारखेच. कोजागरीच्या रात्री जागून फाशांचा खेळ खेळावा असे व्रताच्या पोथ्यांतच सांगितले आहे, आणि बलिप्रतिपदेला तर द्यूतप्रतिपदा असेच नाव आहे. तेव्हा धर्माचीही या खेळाला ना नव्हती.

आमच्या घरी या खेळाचा कायदा आजीच्या हाती होता. तो कुठे लिहिलेला नव्हता. पण आम्ही आज तो कलमवार सांगू शकतो. कवड्या स्थिर झाल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. ज्याचे दान त्यानेच मोजायचे. पोर चार वर्षांचे असले आणि बोटे घालून दोनदा चुकले तरी त्याचे मोजून होईपर्यंत बाकीच्यांनी ओठ मिटून बसायचे. सोंगटीला हात लावला की ती चालवायची. बघ्याने सल्ला द्यायचा नाही. हरणाऱ्याच्या तोंडाकडे बघून हसायचे नाही. आणि सर्वांत मोठे कलम हे की, खेळताना एखादी चुलीवरच्या भातासाठी उठली तर तिची पाळी ओलांडायची नाही. ती येईपर्यंत डाव थांबेल. कुणी कुरकुरले तर आजी म्हणे, "रे झिला, घाई कित्याक करतंस? डाव खंय पळान जाता?"

लहानपणी हे आम्हांला जाचक वाटे. पुढे विचार करता करता कळले की, हा कायदा ज्यांचा वेळ त्यांच्या हातात नाही अशा माणसांनी केलेला आहे. घरातल्या बाईला सलग तासभर कोण देतो? पाळण्यात मूल रडते, गाईला पाणी हवे असते, दारात कुणी येते. अशा माणसाला खेळायचे असेल तर खेळ संथच हवा, कुठेही थांबवता येईल असा हवा, आणि तिची जागा राखून ठेवणारी माणसे भोवती हवीत. पटाचा हा गुण मोठा आहे की तो विसरत नाही. दिवेलागणीला पटावर टोपली पालथी घालून ठेवली की दुसऱ्या दिवशी दुपारी सोंगट्या जिथल्या तिथे असतात. संथपणा म्हणजे आळस, अशी पुष्कळांची समजूत असते. आमच्या अनुभवाने संथपणा ही दुबळ्यासाठी राखून ठेवलेली जागा आहे. खेळ भरधाव चालला की तो फक्त चपळांचा होतो. मग म्हातारी, पोर आणि चुलीपाशी गेलेली बाई ही तिन्ही माणसे एका दमात पटाबाहेर जातात.

याच पडवीतून आमच्या मागच्या तीन पिढ्यांतले पुरुष उठून मुंबईला गेले. मुंबईच्या गिरण्यांना सर्वाधिक माणसे पुरवली ती तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्याने. सिंधुदुर्ग वेगळा झाला तो 1 मे 1981 रोजी. बोटीने माणूस धक्क्यावर उतरे आणि गावच्या मंडळींच्या गाळ्यात पथारी टाकी. तिथे पाळीचा दुसरा अर्थ त्याच्या अंगावर येई. एका खोलीत वीसवीस माणसे. दिवसपाळीवाला उठला की त्याच जागेवर रातपाळीवाला निजे. निजण्याचीसुद्धा पाळी!

गिरण्यांच्या आरंभी कामाची वेळ सूर्याबरोबर चाले, उजाडल्यापासून मावळेपर्यंत. आठवड्याची सुटीही नव्हती. सत्यशोधक समाजाचे नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली, सभा घेतल्या, अर्ज केले, आणि 10 जून 1890 रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. आपण रविवारी घरात मुलांबरोबर पट मांडतो, तो दिवस आकाशातून पडलेला नाही. विजेचे दिवे आले तेव्हा सूर्य मावळण्याचीही अट उरली नाही, आणि दिवस लांबत गेला. 1911 च्या कायद्याने कापडगिरणीतला पुरुषाचा दिवस बारा तासांवर आणला. 1922 साली तो अकरा तास आणि आठवड्याला 60 तास झाला. 1948 च्या फॅक्टरी कायद्यात नऊ तास आणि आठवड्याला 48. ही प्रत्येक पायरी कामगाराने सोसून मिळवली आहे.

घड्याळाचाही तंटा झाला. 1906 च्या जानेवारीत नवी प्रमाणवेळ लागू झाली. ती मुंबईच्या स्थानिक वेळेच्या 39 मिनिटे पुढे होती. घड्याळ पुढे सरकले की कामगाराने तितके आधी हजर व्हायचे. त्या महिन्यात गिरणी कामगारांनी याविरुद्ध उठाव केला. आणि मुंबई शहराने आपली जुनी वेळ 1955 पर्यंत टिकवली. 39 मिनिटांसाठी भांडणारी ती माणसे हट्टी नव्हती. आपल्या झोपेतून कोण किती घेतो, याचा हिशेब त्यांना कळत होता.

नवलाची गोष्ट अशी की, याच सुमारास युरोपात खेळातही घड्याळ शिरत होते. बुद्धिबळाचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना 1851 साली लंडनला भरला तेव्हा चालीला काळाची मर्यादा नव्हती, आणि काही खेळाडूंनी प्रतिस्पर्ध्यांना अक्षरशः बसवून ठेवले. 1861 साली वाळूची घटिका आली, 1883 साली यांत्रिक घड्याळे आली. हे योग्यच झाले. दुसऱ्याला ताटकळत ठेवणे हीही पाळीची पायमल्लीच आहे, आणि संथपणाच्या नावाखाली अडवणूक करणाऱ्याची बाजू आम्ही घेणार नाही. आमचे म्हणणे एवढेच की, सामन्याचा नियम तो सामन्याचा. घरचा पट म्हणजे सामना नव्हे.

पण इंग्रजांनी आपला पट नेला आणि पेटीत घालून परत आणला, तेव्हा त्यात बदल झाले. आपला मोक्षपट तिकडे 1892 च्या सुमारास सापशिडी म्हणून विकायला आला, आणि पचिशीवरून केलेल्या लुडोची नोंदणी तिकडे 1896 साली झाली. लुडोत सहा कवड्यांऐवजी एक फासा आला, त्यामुळे मोजणी सोपी झाली आणि पोरांची सोय झाली. याबद्दल तक्रार नाही. पण जोडीदार गेला. चार रंग, चार घरे आणि चौघे एकेकटे. पाळी पुढे जाऊ देण्याची मुभाही गेली. फासा पडला की चालणे भाग. पडवीतली पाळी हक्काची होती, पेटीतली पाळी हजेरीची झाली. पुढे हा खेळ मोबाइलवर आला. 2020 च्या टाळेबंदीत घराघरांतून तो लोकांनी खेळला. दूरदेशी अडकलेली मुले आणि गावातले आईबाप त्यामुळे रात्री एकत्र बसले, हे त्याचे उपकार आम्ही विसरत नाही. पण तिथे पाळीभोवती काळाची पट्टी भराभर सरकत असते, आणि चष्मा शोधणाऱ्या आजीची पाळी डोळ्यांदेखत निघून जाते. यंत्राला भात उतू जात असल्याचे कोण सांगणार?

आता थोडे स्वतःचे. 18 जानेवारी 1982 रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. आमचे वडील त्यांतले एक. संप लांबला तसे ते गावी आले. आमचे वय तेव्हा बारा. त्यांना आम्ही तोवर वर्षातून एकदा, सुटीपुरते पाहिलेले. त्या पावसाळ्यात ते पहिल्यांदा आमच्याबरोबर पटावर बसले, आणि आम्हांला दिसले की या माणसाला थांबता येत नाही. आमच्या धाकट्या बहिणीचे दान मोजून होण्याआधीच ते आकडा सांगत, तिची सोंगटी स्वतःच पुढे ढकलीत आणि कवड्या आपल्या मुठीत घेत. वीस वर्षे भोंग्यावर धावलेल्या माणसाचे हात होते ते. पटापाशीही यंत्रच चालवीत होते. बहीण रडू लागली. आजीने कवड्या त्यांच्या मुठीतून काढून बहिणीच्या ओंजळीत घातल्या आणि म्हणाली, "बाबा, हयसर भोंगो नाय. तिची पाळी, तिका खेळांदे." वडील गप्प झाले. मग बराच वेळ आपल्या तळहाताकडे बघत बसले. त्या संपातून त्यांची गिरणी काही त्यांना परत मिळाली नाही. गिरणीने त्यांच्या पदरात काय टाकले, याचा हिशेब दुःखाचा आहे. पण त्या चार महिन्यांत ते आपल्या मुलीच्या पाळीसाठी थांबायला शिकले, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

एवढे पाहूनही आम्ही शहाणे झालो नाही. पुढे संघटनेच्या कामाला लागलो. एका काजू कारखान्यातल्या बायकांची मजुरी वाढवून घेण्याचा लढा होता. काम उक्ते, फोडून काढलेल्या गराच्या वजनावर मजुरी. मालकाने किलोमागे वाढ देऊ केली. रात्री देवळाच्या सभामंडपात सभा भरली. वाढ बरी होती, शेवटची एसटी चुकायला नको होती, आणि आम्हांला दुसऱ्या दिवशी दुसरीकडे सभा होती. हात वर करा, म्हणून आम्ही सांगितले. तेवढ्यात मागच्या रांगेतली एक वयस्कर बाई उठली. पदर सावरून, आधी देवाला हात जोडून, ती हळूहळू बोलायला लागली. आम्ही म्हटले, "मावशी, वेळ झाला, आता बसा." ती बसली. ठराव झाला, टाळ्या झाल्या.

तिला सांगायचे होते ते एवढेच की, वाढ अख्ख्या गराची आहे. तुकड्याचा भाव तोच राहिला आहे, आणि तुकडा कशाला म्हणायचे ते वजन करणारा ठरवतो. पहिल्या पगाराला ते सगळ्यांना कळले. वाढ कागदावर राहिली. तुकड्यांचा ढीग वाढला. तो करार बदलून घ्यायला आम्हांला दोन वर्षे लागली. त्या दोन वर्षांत त्या बायकांची जी मजुरी बुडाली ती आमच्या घाईने बुडाली. द्रौपदीच्या प्रश्नावर गप्प बसलेल्या सभेला आम्ही पुष्कळ व्याख्यानांतून नावे ठेवली होती. त्या रात्री आमची सभा गप्प बसली नाही, तिने टाळ्या वाजवल्या. एवढाच काय तो फरक.

मावशीकडे आम्ही पुढे गेलो आणि चूक कबूल केली. त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "तुमका गाडी होती मा." त्या दिवसापासून आमच्या सभेत एक रीत आहे. मत घेण्यापूर्वी जो बोललेला नाही त्याला पाळी द्यायची. त्याला बोलायचे नसेल तर त्याने पुढे जाऊ द्यावी, पण पाळी त्याच्यापाशी जाऊन आली पाहिजे. सभा लांबतात. गाड्या चुकतात. सभासद कधी कधी कंटाळतात. पण मागच्या रांगेतले माणूस पटाबाहेर जात नाही.

बंधुभगिनींनो, लोकशाहीवर या व्यासपीठावरून विद्वानांनी पुष्कळ सांगितले आहे. आम्हांला तिची ओळख पडवीत झाली. दान कुणाच्या हाती नसते, चाल ज्याची त्याच्या हाती असते, आणि पाळी सर्वांनी मिळून राखायची असते. आता वसंत सरत आला, मुले सुटीला घरी आली आहेत. एखाद्या दुपारी पट काढा. पेटीतला लुडो असला तरी चालेल. समोरासमोरच्यांना जोडीदार करा म्हणजे झाले. सर्वांत लहान पोराला त्याचे दान त्यालाच मोजू द्या. आणि घरातली बाई चुलीपाशी गेली, तर ती येईपर्यंत कवड्यांना हात लावू नका.